घुमारा : ट्रंपेटच्या रोजच्या रियाजाविषयी



ह्या व्यासपीठावर येणारे वक्ते बहुधा हाती ग्रंथ घेऊन येतात. मी एक पितळेची नळी घेऊन आलो आहे. विषयपत्रिकेत ‘ट्रंपेट’ हा शब्द वाचून एका गृहस्थांनी मघाशी मला दारातच गाठले आणि विचारले, “अहो, म्हणजे लग्नाच्या बँडात वाजतो तोच बाजा ना?” होय, तोच. त्यांच्या प्रश्नात जी किंचित हेटाळणी होती तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या कानांवर हे वाद्य पडते ते रस्त्यावर, वरातीत, रहदारीच्या कल्लोळात, आणि तेथे ते कर्कश लागते ही गोष्ट खरीच आहे. परंतु कर्कशपणा हा त्या नळीचा धर्म नव्हे. ती फुंकणाऱ्याला जे शिकविले जाते, किंवा अधिक खरे बोलायचे तर जे शिकविले जात नाही, त्याचा तो परिणाम आहे. ह्या वाद्यातून भरदार, गोल, घुमणारा आवाज कशामुळे निघतो आणि तो मिळविण्यासाठी वादकाने रोज सकाळी काय करावयाचे असते, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आधी कानांनीच निवाडा करू.

(येथे वक्त्यांनी एकच स्वर दोन प्रकारे वाजवून दाखविला.)

दोन्ही वेळा स्वर तोच होता, पेटीवरच्या काळी पाचचा षड्ज. वाद्य तेच, फुंकणाराही तोच. पहिल्या वेळी मी जोर लावला. तो आवाज पुढच्या चार रांगांतल्या मंडळींच्या कपाळावर जाऊन आदळला आणि तेथेच संपला. दुसऱ्या वेळी मी त्याच्या निम्माही जोर लावला नाही, तरी मागे खांबाशी उभ्या असलेल्या दोघांनी मान वर करून पाहिले. त्या दुसऱ्या आवाजाला आम्ही वादक घुमारा म्हणतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला अनुनाद असे भारदस्त नाव आहे.

ही नळी उलगडून सरळ केली तर पाच फुटांना थोडी कमी, म्हणजे जवळजवळ दीड मीटर भरेल. आतून ती करंगळीएवढी रुंद, सुमारे साडेअकरा मिलिमीटर. शेवटी फुलून तिचा बारा सेंटिमीटरांचा भोंगा होतो. ह्या सबंध नळीत स्वतः कंप पावेल असे काहीही नाही. पेटीत धातूच्या पट्ट्या असतात, सनईला पत्ती असते. येथे पत्तीचे काम वादकाच्या दोन ओठांना करावे लागते. मी आता वाजविलेल्या षड्जासाठी माझे ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा उघडले आणि मिटले. तार षड्जासाठी ते ४६६ वेळा उघडतात. माणसाला हे मोजून करता येणार नाही हे उघड आहे. मग ते होते कसे?

ओठ उघडले की हवेच्या दाबाची एक लाट नळीतून निघते आणि भोंग्यापर्यंत पोहोचते. आपली साधी समजूत अशी, की ती तेथून बाहेर पडते आणि आपल्याला ऐकू येते. वस्तुतः तिचा फार थोडा भाग बाहेर पडतो. भोंग्याच्या फुलाऱ्यापाशी नळी एकाएकी रुंद होते आणि त्या ठिकाणाहून लाटेचा मोठा भाग उलट फिरून ओठांकडे परत येतो. जाऊन येण्याचा हा सारा प्रवास सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो. आता परतलेली लाट ओठ उघडण्याच्या नेमक्या क्षणी तेथे पोहोचली, तर ती ओठांना उघडण्यास मदत करते. अवेळी पोहोचली, तर त्यांना अडविते. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला आपण झोका देतो तेव्हा काय करतो? झोपाळा मागे येऊन वळायला लागला की बोटाने ढकलला तरी पुरे. उंच झोका जातो. तोच समोरून येत असताना अंगाचे सगळे बळ लावून ढकलला, तर मनगट मुरगळते आणि पोर रडते. वाईट वाजविणारा वादक आयुष्यभर समोरून येणारा झोपाळा ढकलत असतो. त्याच्या कष्टांविषयी मला शंका नाही. ते कष्ट कोठे जातात एवढाच प्रश्न आहे.

नळी अशी मदत सगळ्याच स्वरांना करीत नाही. बोटे न हलविता केवळ ओठांनी वाजविले तर ती काही ठरावीक स्वरच देते: आधी षड्ज, मग पंचम, मग तार षड्ज, त्यावर गंधार, पुन्हा पंचम. गाणाऱ्या मंडळींनी हा क्रम ओळखला असेल. उत्तम जुळलेल्या तानपुऱ्यात न छेडलेला जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तोच हा, पितळेच्या नळीतून निघालेला. पेटीच्या गंधाराहून तो किंचित उतरलेला असतो आणि म्हणूनच गोड लागतो. आपली तुतारी घ्या किंवा शिंग घ्या; त्यांना बटणे नाहीत, त्यांतून जे वाजते ते सारे स्वयंभूच. युरोपातल्या ट्रंपेटचीही स्थिती शतकानुशतके हीच होती. १८१८ साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल ह्या दोघांनी प्रशियात झडपांचे पेटंट घेतले आणि त्यानंतर मधले सूर वाजविणे सोपे झाले. आज आपण जे तीन पिस्टन दाबतो ते दुसरे काही करीत नाहीत, नळीत थोडी जादा लांबी जोडतात, इतकेच. दुसऱ्या पिस्टनने अर्धा स्वर उतरतो, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड.

आर्थर बेनेड ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वायुवाद्यांचा फार बारकाईने अभ्यास केला. त्याच्या अभ्यासातून एक सुंदर गोष्ट पुढे आली. स्वर भरदार लागतो तेव्हा नळीचा एकच अनुनाद कामाला लागलेला नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे अनुनादही त्याच ओठांना एकाच वेळी हात देत असतात. ओठांची कंपने मूळ जागेपासून जराशी सरकली, की हे वरचे मदतनीस एकेक करून हात काढून घेतात. आवाज बंद पडत नाही, पण तो पोकळ होतो. ऐकणारा म्हणतो, “सूर बरोबर आहे, पण मजा नाही.” त्या बिचाऱ्याने ध्वनिशास्त्राचा एक पूर्ण अध्याय एका वाक्यात सांगितलेला असतो.

आता थोडे माझ्याविषयी. कारण हे शास्त्र मला पुस्तकातून कळण्याच्या आधी ओठावर कळले.

१९७२ सालची लग्नसराई. मी विशीत होतो आणि एका बँडात दुसऱ्या नंबरचा ट्रंपेट वाजवीत असे. वरात उघड्या रस्त्याने चाललेली, मागे ढोल-ताशा, बाजूला मोटारींचे भोंगे. बंदिस्त खोलीत आपला आवाज भिंतीवरून आपल्याकडे परत येतो आणि आपण काय वाजवितो आहोत हे आपल्याला कळते. उघड्यावर तो परत येत नाही. वादकाला वाटते, आपला आवाज पोहोचत नाही. मग तो अधिक जोराने फुंकतो आणि वरचे सूर धरण्यासाठी माउथपीस ओठांवर दाबतो. आमच्या बँडमास्तरांचा उपदेश एकच असे, “दम लाव!” मी दम लावला. एका दिवसात तीन-तीन वराती केल्या. वैशाख संपता संपता माझा वरचा ओठ आतून दातांवर कापला गेला, सुजला आणि एके रात्री तार षड्जाच्या जागी नुसती हवा बाहेर पडू लागली. बँडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा आणला. त्यांचाही इलाज नव्हता, वरात थांबत नाही. पण घरात माझ्या मिळकतीवर चौघेजण होते आणि पुढचे अडीच महिने ती मिळकत शून्य होती.

हे दुखणे केवळ गरीब बँडवाल्यांचे आहे असे समजू नये. लुई आर्मस्ट्राँगसारखा ह्या वाद्याचा बादशहा, त्याने उंच स्वरांच्या माळाच्या माळा लावून श्रोत्यांना वेडे केले. पण १९३३-३४ च्या सुमारास युरोपच्या दौऱ्यात त्याचा ओठ फाटला आणि काही महिने वाद्य खाली ठेवावे लागले. ओठाच्या स्नायूच्या ह्या इजेला वैद्यकात त्याच्याच टोपणनावावरून ‘सॅचमो सिंड्रोम’ म्हणतात. कीर्तीचा हा प्रकार कोणालाही नको वाटेल.

त्या रिकाम्या दिवसांत कोणीतरी मला पुण्याच्या कॅम्पात राहणाऱ्या एका वृद्ध गोवेकर मास्तरांकडे नेले. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या शाळांतून निघालेल्या वादकांनीच मुंबईची हॉटेले आणि पुढे सिनेमाचे वाद्यवृंद भरले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला जग चिक चॉकलेट म्हणून ओळखते आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ज्याची ख्याती होती, तो त्यांतलाच. आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतात तो होता आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. तर माझे मास्तर त्याच परंपरेतले. त्यांनी माझा ओठ उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “अरे बाबा, हा ओठ आहे, चप्पल नव्हे.” मग पंधरा दिवस त्यांनी मला वाद्याला हात लावू दिला नाही. सोळाव्या दिवशी एक स्वर दिला, मधला पंचम, तोही हळू. “हा घुमला की दुसरा देईन.” तो घुमायला तीन आठवडे लागले.

त्यांनी मला जी दिनचर्या घालून दिली, तीच थोड्या फरकाने मी आजवर पाळीत आलो आहे आणि मुलांना शिकवीत आलो आहे. ती आता सांगतो.

सकाळी वाद्य पेटीतून काढण्यापूर्वी श्वास. खांदे न उचलता, ‘हो’ म्हणताना घसा जसा मोकळा होतो तसा ठेवून, हवा खोल आत घ्यायची. पोट आणि बरगड्या चोहोंबाजूंनी फुलतात. घेऊन झाली की अडवून ठेवायची नाही, लागलीच सोडायची. नवशिके श्वास घेतात आणि घशात दार लावतात. मग ते दार उघडताना पहिला सूर फुटतो. तीन-चार मिनिटे हे पुरे. नंतर घोडा फुरफुरतो तसे ओठ सैल सोडून फुरफुरावेत. ऐकायला हास्यास्पद वाटते, माझी नात अजून हसते. पण रात्रभर आखडलेल्या ओठांत रक्त खेळविण्याचा ह्यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

मग नुसता माउथपीस. तो दोन बोटांत हलका धरायचा, मुठीत नव्हे. मुठीत धरला की हात दाबू लागतो. त्यावर एखादी ओळखीची सोपी चाल वाजवावी, आरतीची असली तरी चालेल. येथे नळीची मदत नसते, त्यामुळे कान आणि ओठ यांचा करार किती पक्का आहे हे लगेच उघडे पडते. पाच मिनिटांहून अधिक करू नये.

आणि आता मुख्य गोष्ट, लांब सूर. सगळ्या दिनचर्येतून मला एकच ठेवायला सांगितले, तर मी हीच ठेवीन. गवई पहाटे खर्ज भरतात, त्याचेच हे भावंड. मधल्या पंचमावर सुरुवात करायची आणि अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जायचे. षड्ज ओलांडून आणखी खाली, मंद्रातल्या तीव्र मध्यमापर्यंत, जेथे तिन्ही पिस्टन दाबलेले असतात आणि नळी संपते. असे चौदा स्वर होतात. प्रत्येक स्वर सुमारे दहा सेकंद, हलका, आणि त्यानंतर तितकीच विश्रांती, माउथपीस ओठांपासून दूर नेऊन. पाच मिनिटांचे काम आहे. पण ते बरोबर झाले तर पाच मिनिटांत घाम येतो, अंगाला नव्हे, कानांना.

कानांना काय करायचे असते ते सांगतो. प्रत्येक स्वरात एक मध्यबिंदू असतो, जेथे नळी सर्वांत जास्त मदत करते. तो शोधण्याची युक्ती अशी: स्वर लावल्यावर बोटे न हलविता, केवळ ओठ आणि जीभ किंचित सैल करून तो थोडासा खाली वाकवावा, जणू मींडच घेतो आहोत. आवाज काळवंडतो, हाताखालचे पितळ मुके होते. मग हळूहळू परत वर यावे. एका ठिकाणी आवाज आपोआप मोठा होतो, मेहनत कमी होते आणि धातूची थरथर बोटांना जाणवते. तेथे थांबायचे. आणखी वर गेलात तर पुन्हा आवाज चिमटतो, कारण ओठ आवळले गेले. आमच्याकडचे बहुतेक बँडवादक ह्या वरच्या कडेवरच सारे आयुष्य काढतात. सूर चढा, ओठ आवळलेले आणि आवाज पातळ. त्यांना वाटते, ओठ घट्ट म्हणजे सूर पक्का.

लांब सुरांना सोबत तानपुऱ्याची घ्यावी, काळी पाचला लावलेल्या. पूर्वी हे माझ्यासारख्याला परवडत नसे. मी नदीकाठी बसून मनातल्या षड्जावर वाजवीत असे. हल्ली तानपुरा मोबाइलमध्येच मिळतो, आणि त्या यंत्राविषयी माझ्या ज्या पुष्कळ तक्रारी आहेत त्यांतली एक मी ह्या कारणास्तव मागे घेतली आहे. तानपुऱ्याशी मिळाले की नळीचा मध्यबिंदू आणि सुराचा मध्यबिंदू एकाच जागी आले की नाही हे कळते. कधी कधी येत नाहीत. तिन्ही पिस्टन एकदम दाबले की वाद्याच्या रचनेमुळेच स्वर चढा लागतो. अशा वेळी ओठांनी ओढून खाली आणू नये. तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी बोटाने पुढे ढकलून लांबी वाढवावी. ओठांचे काम ओठांनी करावे, नळीचे नळीने.

लांब सूर झाले की स्वर जोडायचे. हर्बर्ट क्लार्क हा कॉर्नेटचा मोठा अमेरिकन उस्ताद. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासपुस्तकात अर्ध्या स्वरांच्या लहान लहान लडी आहेत, त्या अतिशय हळू आवाजात आणि एका श्वासात अनेक वेळा वाजवायच्या. शिकागोच्या व्हिन्सेंट चिकोविट्झ यांचे अभ्यासही ह्याच जातीचे. हवा नदीसारखी अखंड वाहते आणि बोटे पुलावरून माणसे जावीत तशी तिच्यावरून जातात. त्यानंतर बोटे स्थिर ठेवून स्वयंभू स्वरांवर ओठांनी चढ-उतार: षड्ज, पंचम, तार षड्ज आणि परत. वर जाताना दाब वाढवायचा नाही. जीभ तोंडात ‘आ’ वरून ‘ई’ कडे उचलली जाते आणि हवा थोडी वेगवान होते. जिभेचे आघात, दुहेरी आघात, बोटांची चपळाई यांसाठी आर्बाँचा ग्रंथ आहे. पॅरिसच्या संगीत विद्यालयातला हा गुरू, त्याचा ग्रंथ १८६४ चा, आणि आजही जगभर मुले त्यातूनच शिकतात. त्याविषयी अधिक बोलत नाही. ज्याच्याजवळ पुस्तक आहे त्याला ते बोलेलच.

सगळे मिळून पाऊण तास होतो, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ वाद्य मांडीवर असते. ही गोष्ट पालकांना पटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची आई मला म्हणाली, “काका, तो निम्मा वेळ नुसताच बसतो हो!” मी म्हटले, “वहिनी, तो निम्मा वेळच त्याच्या ओठाचा आहे.” ओठाचा स्नायू अगदी लहान असतो. थकला की तो सांगत नाही. त्याच्या जागी हात दाबायला लागतो, आणि दाबलेल्या ओठात रक्त फिरत नाही. म्हणून थकवा जाणवण्यापूर्वी थांबायचे. आदल्या रात्री कार्यक्रम मोठा झाला असेल तर दुसऱ्या सकाळी उंच स्वरांच्या वाटेलाच जाऊ नये. फक्त खालचे लांब सूर, तेही हळू.

चाळीत किंवा सोसायटीत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, शेजाऱ्यांचा. भोंग्यात बसविण्याचे बूच मिळते, आवाज पुष्कळ कमी होतो. परंतु त्याने नळीतून परत येणारा दाब बदलतो, आणि बूच लावूनच रियाज केलेला मुलगा ते काढले की गोंधळतो. त्यामुळे लांब सुरांपुरते तरी मोकळे वाजवावे. शेजाऱ्यांना आधी जाऊन वेळ सांगावी, आणि हळू वाजवावे, जे तसेही वाजवायचेच आहे. माझ्या अनुभवात शेजारी रागावतात ते आवाजावर नव्हे, कर्कशपणावर. खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर मला एकदा दोन दिवस आजारी होतो तेव्हा विचारले, “काय हो, परवा खर्ज ऐकू आला नाही?”

एक शंका आपल्या मनात आली असेल. एवढे सगळे हलके, हळू, सैल; मग मोठ्या वाद्यवृंदातला ट्रंपेट सगळ्या व्हायोलिनांच्या डोक्यावरून कसा ऐकू येतो? ह्याचे उत्तर शिकागोत सापडते. तेथील सिंफनी ऑर्केस्ट्रात अडॉल्फ हर्सेथ हे १९४८ पासून २००१ पर्यंत, म्हणजे ५३ वर्षे पहिल्या खुर्चीचे ट्रंपेटवादक होते. १९५२ साली मोटार अपघातात त्यांचे काही दात गेले आणि ओठ फाटला. ट्रंपेटवादकाच्या बाबतीत हे म्हणजे लेखकाचा उजवा हात जाण्यासारखे. तरी ते परत आले आणि पुढे जवळजवळ अर्धे शतक वाजवीत राहिले. त्याच वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ पर्यंत आर्नल्ड जेकब्स हे ट्यूबा वाजवीत. ट्यूबा म्हणजे पितळी वाद्यांतला सर्वांत मोठा, सर्वांत जास्त हवा खाणारा. आणि जेकब्सांना दम्याचा विकार होता. त्यांच्याकडे जगभरचे वादक शिकायला येत. त्यांच्या शिकवणुकीचे सार असे, की वादकाने स्नायूंचा विचारच करू नये. जो आवाज काढायचा आहे तो आधी मनात पूर्ण ऐकावा आणि हवा मोकळी सोडावी. ओठ आपली जागा स्वतः शोधतात. एकाचा ओठ शिवलेला, दुसऱ्याची छाती दम्याची, आणि दोघांचाही आवाज सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. बळाचाच हा खेळ असता तर दोघेही पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

मोठा आवाज वर्ज्य आहे असे माझे म्हणणे नाही. सूर मध्यबिंदूवर असला की हवा वाढविल्याने आवाज वाढतो, त्यातले वरचे उपस्वर उजळतात आणि ट्रंपेटला त्याचे ते सोनेरी तेज येते. मध्यबिंदू सुटलेला असला की तीच हवा फक्त किंकाळी वाढविते. क्रम तेवढा उलटा नको. अतिउंच स्वरांत मात्र नळी फारशी मदत करीत नाही, सेकंदाला सुमारे १५०० कंपनांपलीकडच्या लाटा भोंग्यातून न परतता निघूनच जातात. तेथे वादक जवळजवळ एकटा असतो. म्हणून त्या प्रांतात खालचा रियाज पक्का झाल्याशिवाय जाऊ नये, आणि वरातीत तर मुळीच जाऊ नये. पण वरातीत हल्ली डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्यांच्याशी चढाओढ करणाऱ्या वीस वर्षांच्या पोरांचे ओठ मी पाहतो तेव्हा मला १९७२ आठवते. त्यांच्या मालकांना माझी विनंती आहे की दोन गाण्यांमध्ये पोरांना पाच मिनिटे द्या. पाच मिनिटे मागतो आहे, बिदागी नव्हे.

शेवटी, व्याख्यान संपले की हमखास विचारला जाणारा प्रश्न आधीच घेतो: वाद्य कोणते घ्यावे? मेरठच्या जाली कोठी भागात पिढ्यान्पिढ्या बँडची वाद्ये घडतात, परदेशी वाद्येही मिळतात, आणि जुनी तर पुष्कळच फिरत असतात. नावापेक्षा दोन गोष्टी तपासा. पहिली, तोंडाकडच्या नळीत डोळा लावून पाहा. वर्षानुवर्षे न धुतलेल्या वाद्यात तेथे हिरवट थर चढलेला असतो, आणि करंगळीएवढ्या नळीत एवढासा थरही घुमारा खातो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि लांब दांड्याचा ब्रश, महिन्यातून एकदा. दुसरी, पिस्टन न दाबता त्याची सरकती नळी बाहेर ओढून काढा. ‘टप्’ असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहेत, हवा गळत नाही. आवाज आला नाही तर विक्रेता किंमत कितीही कमी करो, वाद्य त्याच्या टेबलावर ठेवा आणि नमस्कार करून या.